भुसावळ बंदरातली गुराब

भाड्याची खोली बघायला आलेल्या माणसाला घरमालक काय विचारतात? नवरा कुठं कामाला, घरात माणसं किती, पाणी जपून वापराल ना, झालं. आमच्या घरमालकांनी मला विचारलं, "माहेर कुठलं?"

"रावेरकडचं."

"केळी आहेत?"

"आहेत की! रावेरकडचं माहेर आणि केळी नाहीत, असं कधी झालंय?"

"मग खोली तुमची. माहेरी गेलात की येताना केळीच्या खांबाचं सोपट आणायचं. ओलं आणायचं. धागा मी काढतो."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. जिन्यावरून उतरताना तो कुजबुजला, "अगं, हा माणूस बरा आहे ना?" मी म्हटलं, "खोली बरी आहे. माणसाचं नंतर बघू." त्याची नोकरी वीज केंद्रात, माझी शाळेत, आणि दोन्हीकडे जायला ही जागा सोयीची. वरची, पत्र्याची खोली होती, पण स्वतंत्र नळ होता. भुसावळात स्वतंत्र नळ मिळत असेल तर मी महिन्याला अख्खी केळीची बाग आणून दिली असती.

घरमालकांना सगळी गल्ली नाना म्हणायची. रेल्वेत तिकीट तपासनीस होते, निवृत्त झालेले. काळा कोट गेला होता, नजर तशीच होती. गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले की धडधाकट माणसंसुद्धा उगाच खिसे चाचपायची. मूळ धुळ्याकडचे. एरवी आमच्यासारखंच बोलायचे, पण राग आला किंवा माया आली की सरळ अहिराणीवर यायचे. दोन्हींतलं काय आलंय ते आवाजावरून ओळखावं लागे, आणि त्यात माझी बरेचदा फसगत होई.

सोपट कशाला हवं होतं ते दुसऱ्या दिवशी कळलं. तळमजल्यावर मागच्या अंगाला एक खोली होती. दगडी भिंती, वर स्लॅब, उत्तरेला खिडकी, खिडकीबाहेर कडुनिंब. घरातली सगळ्यात चांगली खोली, आणि तिच्यात माणूस राहत नव्हता. मोठ्या टेबलावर जहाज उभं होतं. मराठ्यांच्या आरमारातली लढाऊ गुराब. दोन डोलकाठ्या, पुढची नाळ लांब, टोकदार, पाण्यालगत वाकलेली, म्हणजे तिच्यावरून समोर तोफा डागता याव्यात. जुन्या दारांच्या चौकटी फोडून काढलेल्या सागवानाच्या फळ्या, शिडांना आडव्या काठ्या पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळक्या कपाशीच्या, दोर ओढायच्या बारक्या कप्प्या चिंचोके घासून केलेल्या. आणि दोर केळीच्या धाग्याचे, नानांनी मांडीवर वळलेले. डोलकाठीपासून दोन्ही काठांपर्यंत ते इतके ताठ आणि नेमके ओढलेले होते की मी बोट लावायला हात पुढे केला, आणि मागून आवाज आला, "हात मागं!"

मी दचकले. एवढ्या वर्गावर ओरडणारी मी, पण शाळेतल्या पोरीसारखा हात मागे घेतला.

अर्धा इंच म्हणजे एक फूट, हे त्या खोलीतलं माप. नानांच्या डोक्यात सगळं जग त्याच मापात चाले. जेवताना भाकरीकडे बघून म्हणायचे, "ही जहाजावर ठेवली तर पुढची तोफ झाकली जाईल." "माप सांगा" हे त्यांचं पेटंट वाक्य. भाजीवाल्यानं वांगी ताजी आहेत म्हटलं की, "ताजी म्हणजे कधीची? माप सांगा." माझा नवरा एकदा सहज बोलून गेला, "नाना, आज फार उकडतंय." झालं! "फार म्हणजे किती? कालच्यापेक्षा की परवापेक्षा? माप सांगा." तेव्हापासून माझा नवरा त्यांच्यासमोर हवेबद्दल बोलेनासा झाला.

अक्कांचं, म्हणजे नानांच्या बायकोचं, या जहाजाशी उघड वैर होतं. अक्का माझ्यासारख्याच भुसावळ-रावेरकडच्या, तोंडानं फटकळ, मनानं लोणी. एका उन्हाळ्यात त्यांनी गच्चीवर बिबड्या, म्हणजे धोतरावर थापायचे ज्वारीचे पापड, घालायला काढल्या आणि बघतात तर बिबड्यांचं जुनं, मऊ झालेलं धोतर मधोमध कापलेलं. खाली येऊन त्यांनी जो आवाज लावला! "अहो, माह्या बिबड्यांचं धोतर कुठी गेलं?" नाना शांतपणे म्हणाले, "शिडाला लागलं. नवं कापड कडक असतं, वारा धरत नाही." "वारा? या खोलीत वारा? खिडकी उघडू देत नाही तुम्ही, आन् वारा कुठला?" त्या वर्षी बिबड्या माझ्या जुन्या ओढणीवर वाळल्या, आणि खाताना नाना म्हणाले, "औंदा जरा पातळ झाल्यात." अक्कांनी ताट उचलून नेलं होतं, तेवढंच मला आठवतंय.

जहाजाची कीर्ती गल्लीबाहेर गेली तेव्हा एक स्थानिक पुढारी चार कार्यकर्ते घेऊन आले. जयंतीच्या मिरवणुकीत जहाज ठेवायचं म्हणाले. ट्रॅक्टर सजवू, वर जहाज, खाली नानांच्या नावाचा फलक, फुलं, डीजे. मोठा मान देतोय अशा थाटात बोलत होते. नानांनी विचारलं, "ट्रॅक्टरवर जहाज?"

"हो नाना! एकदम जोरदार दिसेल."

"आधी ट्रॅक्टर पाण्यात घाला. तो तरंगला की मी जहाज रस्त्यावर आणतो."

पुढारी हसले, त्यांना वाटलं गंमत चाललीय. नाना हसले नाहीत. मग तेही हळूहळू हसायचे थांबले आणि चहा न घेता गेले. अक्का आतून म्हणाल्या, "निदान चहा तरी घेऊ द्यायचा होता. दूध फुकट गेलं."

मी एकदा त्यांना विचारलं होतं, "नाना, समुद्र पाहिलात ना?" म्हणाले, "नाही." मी तर उडालेच. "अहो, रेल्वेचा पास तुमच्या खिशात, आणि समुद्र नाही पाहिला?" "काय पाहू? समुद्रावर आता शे काय? सगळी बठ्ठी लोखंडाची जहाजं." या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. आणि खरं सांगू का, मला तो वाद हरायलाही आवडायचं.

आता त्या खोलीतला कडक कायदा सांगते. तिथं कूलर लावायचा नाही. भुसावळचा मे ज्यानं काढलाय त्याला यातला वेडेपणा कळेल. दुपारी बाराला गल्लीत कुत्रं दिसत नाही, नळाच्या पाण्यानं हात भाजतो. माणसं लग्नाची तारीख ठरवताना आधी हॉलमध्ये कूलर किती ते विचारतात. आणि नाना त्या बंद खोलीत, मानेला ओला नव्हे, कोरडा पंचा गुंडाळून, घामाचा थेंब जहाजावर पडू नये म्हणून मागे रेलून गाठी मारत बसायचे. कारण होतं. केळीचा दोर दमट हवेत पाणी पितो, फुगतो आणि आखडतो. ताठ ओढलेला दोर आखडला की डोलकाठी वाकवतो, नाहीतर मोडतो. नानांचं याआधीचं जहाज असंच एका पावसाळ्यात मोडलं होतं. त्यानंतर पावसाळाभर टेबलाखाली पिवळा बल्ब जळायचा, आणि उन्हाळ्यात कूलरला बंदी. "एवढी चांगली खोली," अक्का म्हणायच्या, "आन् मी पुढच्या खोलीत पत्र्याखाली भाजून राहिले."

मग एका वर्षी दोन गोष्टी झाल्या. मार्चमध्ये मला मुलगी झाली. आणि त्याआधी मी नानांना न विचारता जहाजाचे फोटो मुंबईला पाठवले होते. जुन्या आरमाराचं एक दालन तिथं उभं राहणार आहे, असं माझ्या मैत्रिणीकडून कळलं होतं. माहेरी असतानाच फोन आला. नौदलातून निवृत्त झालेले एक कमांडर ते काम बघत होते. जहाज पाहायला मेच्या अखेरीस स्वतः भुसावळला येतो म्हणाले. पसंत पडलं तर खिडकीचे गज कापून न्यायचं, कारण आडव्या काठ्यांसकट ते दारातून निघणार नव्हतं.

परत आल्यावर मी नानांना सांगितलं. मला वाटलं होतं, नाना आधी मला झापतील. नाना म्हणाले, "येऊ दे. बघू त्याला किती कळतं." पण अक्कांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "अवं, झोपत नाही ना हा माणूस. आयुष्यात याले कोणी विचारलं नाही, तुह्यामुळं कोणीतरी येऊन राहिलं." मग मला कळलं की हे जहाज मुंबईला जाणं नानांना किती हवं होतं. तपासनीस म्हणून आयुष्यभर दुसऱ्यांच्या हातातली तिकिटं पाहिलेला माणूस. आता कुणीतरी त्यांच्या हातचं पाहायला येणार होतं.

आणि तो मे! मी मुलीला घेऊन माहेराहून परतले आणि आठवड्यात तिचं अंग लाल झालं. आधी घामोळं, मग ताप. आमच्या खोलीत कूलर होता, पण पत्रा वरून इतका तापायचा की कूलर नुसती गरम वाफ फेकायचा. खाली पुढच्या खोलीतही पत्राच, तिथंही तेच. एका दुपारी तिनं दूध पिणं सोडलं. रडायचीही बंद झाली. रडणाऱ्या पोराची भीती वाटत नाही, गप्प पोराची वाटते. रिक्षा करून डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी तपासलं, औषध दिलं आणि म्हणाले, "दाखल करायची गरज नाही, पण तिला थंड जागेत ठेवा. आत्ताच्या आत्ता. आणि पाऊस येईपर्यंत तिथंच ठेवा."

थंड जागा कुठून आणायची? रावेरला नेलं तरी ऊन तेच. रिक्षातून उतरलो तेव्हा नाना फाटकात उभे होते. नवरा एवढंच म्हणाला, "नाना, पोरीला फार ताप आहे."

नानांनी माप विचारलं नाही.

"तिले आठे लई ये, आत आण," म्हणाले, आणि मागच्या खोलीचं दार सताड उघडलं.

मला आधी समजलंच नाही. नाना पुढच्या खोलीत गेले, तिथला कूलर चाकांवरून ढकलत घेऊन आले, नवऱ्याला म्हणाले, "पाणी भर." खिडकी उघडली. छताला दिवा लावायचा आकडा होता, त्यातला दिवा काढला. अक्कांकडून जुनं लुगडं मागून त्याची झोळी बांधली. त्यांचे हात तसेच चालत होते, गाठी मारताना चालायचे तसे. मग अक्कांना उमगलं.

"अहो, काय करून राहिले तुम्ही? तो मुंबईचा माणूस पुढच्या आठवड्यात येणार हाये!"

मी पाहतच राहिले. ज्या बाईनं वर्षानुवर्षं त्या जहाजाला शिव्या घातल्या, ती आता दारात आडवी उभी होती. "माणूस बोलवा, गज कापा, जहाज बाहेर काढा. पण त्याले कूलर नका लावू हो! मोडीन ते!"

"गज कापणारा येईपर्यंत पोर थांबेल का?" नाना म्हणाले. "तो पुढच्या आठवड्यात येईल. ही आज आली शे."

आणि कूलर चालू केला.

मुलीला झोळीत घातलं. ओलसर गार वारा सुटला आणि मला पहिल्यांदा जरा श्वास घेता आला. नानांनी कात्री उचलली. दोर लगेच आखडत नाहीत, थोडा वेळ देतात, पण फार नाही. त्या वेळात सगळे दोर सोडवायचे होते, आणि तेही एका बाजूचे आधी कापून चालणार नव्हतं, काठी दुसरीकडे ओढली गेली असती. म्हणून एक डावीकडचा, एक उजवीकडचा. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. कच्, कच्. मधेच मोठी डोलकाठी कर्रकन वाजली. अक्कांनी तोंडाला पदर लावला. नाना जरासे थांबले, काठीला हात लावला, जसा घाबरलेल्या गुराला लावतात, आणि पुन्हा कात्री चालू लागली. मांडीवर वळलेले ते सगळे दोर, चिंचोक्यांच्या कप्प्या, बिबड्यांच्या धोतराची शिडं, सगळं एकेक करून टेबलावर पडत गेलं. मी रडत होते. कशासाठी ते मलाच कळत नव्हतं, पोरीसाठी की त्या जहाजासाठी.

अंधार पडायच्या सुमाराला दोन उघड्या डोलकाठ्या तेवढ्या उभ्या होत्या. दोन्ही धड. आणि झोळीतून आवाज आला. मुलगी भुकेनं किंचाळत होती. जगात इतका गोड आवाज मी आजवर ऐकला नाही. तिनं दूध प्यायलं, नाना बाहेर ओट्यावर जाऊन बसले आणि अक्का त्यांना पंख्यानं वारा घालत राहिल्या.

त्या दिवसापासून आम्ही मायलेकी त्या खोलीत राहिलो. आणि ठरल्या दिवशी कमांडरसाहेब आले. उंच, पांढऱ्या मिशा, घामानं निथळत. आत आले, टेबलासमोर उभे राहिले आणि त्यांचा चेहरा पडला.

"फोटोत तर शिडं होती, दोर होते..."

मी घाईनं सांगायला लागले, "अहो, त्याचं काय झालं, माझी मुलगी..." नानांनी हातानं मला गप्प केलं.

"साहेब, पावसाळा लागला की आपलं आरमार काय करायचं?"

कमांडर म्हणाले, "छावणीला जायचं. जहाजं किनाऱ्यावर ओढायची, दोर-शिडं उतरवून ठेवायची, वर गवताचं छप्पर घालायचं."

"मग? ही गुराब छावणीला आली शे."

"पण नाना, अजून मे चाललाय. पावसाला अवकाश आहे."

नानांनी कूलरकडे बोट दाखवलं. "आमच्याकडे लागला."

कमांडरनी कूलरकडे पाहिलं. उघड्या डोलकाठ्यांकडे पाहिलं. मग झोळीकडे, तिच्यातून बाहेर आलेल्या एवढ्याशा पायाकडे. नंतर म्हणाले, "छावणी कधी उठते, तेही ठाऊक असेल तुम्हाला."

"नारळी पौर्णिमेला."

"मग मी नारळी पौर्णिमा झाली की येतो."

असा माणूस! मला तर त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. अक्कांनी आग्रह करकरून शेवभाजी वाढली, आणि ती तिखट लागून साहेबांचे डोळे भरून आले, तरी त्यांनी पुन्हा मागून घेतली.

पाऊस सुरू झाला, आम्ही वर राहायला गेलो आणि नानांनी नव्यानं दोर वळायला घेतले. माहेराहून माझ्या भावानं सोपटाचा भारा आणून टाकला. या खेपेला नानांनी टेबलाखालचा बल्ब लावलाच नाही, खिडकीही उघडी. मी विचारलं, "नाना, ओल्या हवेत बांधताय?" त्यांनी गाठ पूर्ण केली आणि म्हणाले, "मास्तरीणबाई, मन्हं माप चुकलं होतं. मी बठ्ठं भुसावळच्या कोरड्या हवेत ताणून बांधलं. ते तसंच मुंबईला गेलं असतं, समुद्राच्या दमट हवेत, तर पेटी उघडायच्या आत दोन्ही काठ्या गेल्या असत्या. ओल्या हवेत बांधलेला दोर फार तर सैल पडेल." एवढं बोलून ते हसले. "तुन्ही पोर या खोलीत उनी म्हणून वाचलं." माझ्यासमोर या माणसानं चूक कबूल केली ती एवढी एकदाच, आणि तीही अशी ऐटीत, की जणू चूकसुद्धा त्यांनीच मापानं केली होती.

नारळी पौर्णिमेनंतर कमांडर आले. सोबत गज कापणारा होता, लाकडी पेटी होती. गुराब पहिल्यापेक्षा देखणी झाली होती. साहेबांनी चष्मा लावला आणि नाळेपासून सुकाणूपर्यंत डोळ्यांनी चालत गेले. कौतुक करत, मान डोलवत. मधेच थांबले. वाकले. दोन डोलकाठ्यांच्या मधे, तोफांच्या वर, अक्कांच्या लुगड्याची चिंधी दोन धाग्यांनी टांगलेली होती. अर्ध्या इंचाला एक फूट, बरोब्बर मापात.

"नाना, ही झोळी आहे?"

"हो."

"लढाऊ गुराबेवर झोळी नसायची."

"ठाऊक शे मले."

"मग उतरवू या का? बाकी सगळं इतकं अचूक आहे. उद्या जाणकार लोक विचारतील."

नाना दारात उभे राहिले. तीच जुनी नजर. "झोळी उतरवायची असेल तर गज कापू नका. जहाज ऱ्हाऊ द्या आठेच."

अक्कांनी माझा हात घट्ट धरला होता. साहेब पुन्हा वाकले आणि बोटाच्या टोकानं, अगदी हलकेच, त्या झोळीला झोका दिला.

"विचारलं कुणी तर सांगू," ते म्हणाले, "भुसावळ बंदरातली गुराब आहे."

आता ती मुंबईला काचेच्या पेटीत आहे. माणसं येतात, तोफा बघतात, नाळ बघतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. आणि त्यांच्या नाकासमोर, दोन डोलकाठ्यांच्या मधे, माझी लेक गार झोपलेली असते.